आधी सावली शोध, ठिकाण मग ठरव

यावेळचं पत्र चिंचवडहून आलंय, मोठं आहे, त्यातला महत्त्वाचा भाग तेवढा देते.

"मावशी, दरवर्षी मे महिन्यात नणंद मुलांना घेऊन नागपूरहून येते, दीर-जाऊ मुंबईहून येतात आणि मग एक दिवस सगळ्यांनी मिळून पिकनिकला जायचं हे ठरलेलंच. यंदा नवऱ्याचे दोन मित्र आणि त्यांच्या घरचे धरून आम्ही २२ जण होतोय. सासूबाई ७६ च्या, गुडघे दुखतात, सासऱ्यांना बीपी, आणि सहा मुलं, त्यातलं सगळ्यात धाकटं तीन वर्षांचं. गेल्या वर्षी एका धरणाच्या काठावर गेलो होतो. ती जागा नवऱ्याने श्रावणात बघितलेली, हिरवीगार आहे म्हणाला. आम्ही साडेअकराला पोचलो तर झाडांवर पान नाही, पाणी पार लांब आत गेलेलं, सासऱ्यांना चक्कर आली, बटाट्याची भाजी आंबली. मी पहाटे तीनला उठून पुऱ्या तळल्या होत्या. घरी येऊन बाथरूममध्ये जाऊन रडले. आता परत सगळे विचारतायत यंदा कुठे. नवरा म्हणतो धरण, नणंद म्हणते महाबळेश्वर, सासूबाई म्हणतात बनेश्वर. मला कुठेच जावंसं वाटत नाहीये पण मुलांकडे बघून नाही पण म्हणवत नाही. काय करू?
ता.क. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकांची शिरवळजवळ आमराई आहे, ते कधीचे या म्हणतायत, पण तिथे बघण्यासारखं काही नाही."

अगं, पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू ता.क. मध्ये लिहिलीस! आमराई आहे, मालक ओळखीचा आहे, स्वतःहून बोलावतोय, आणि तू म्हणतेस बघण्यासारखं काही नाही. मे महिन्यात २२ माणसं घेऊन निघालेल्या बाईला आंब्याच्या दाट सावलीपेक्षा अजून काय बघायचंय गं. तिथेच जा. का ते सांगते, आणि कसं ते पण सांगते, पण त्याआधी त्या पहाटे तीनच्या पुऱ्यांचं बोलू, कारण तुझं रडणं उन्हामुळे नव्हतं असं मला पत्र वाचताना सारखं वाटत होतं.

तू पिकनिकला गेलीच नव्हतीस गेल्या वर्षी. बाकीचे २१ जण पिकनिकला गेले आणि तू स्वयंपाकघर उचलून धरणावर नेलंस. तीन तास झोप, मग तळण, मग डबे भरणं, मग तिथे वाढणं, मग भाजी आंबली म्हणून सगळ्यांची तोंडं बघणं, असा दिवस गेल्यावर कुणालाही रडू येईल. त्यामुळे यंदा पहिला नियम हा कर की कुठल्याही एका घराने सगळा स्वयंपाक करायचा नाही आणि पहाटे पाचच्या आधी कुणीही गॅस पेटवायचा नाही. हे तोंडी सांगशील तर "अगं आम्ही करतो ना गं" म्हणतील आणि आदल्या रात्री तुझ्याच ओट्यावर कणीक येऊन पडेल, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आत्ताच लिही. काय लिहायचं ते पण देते, हेच कॉपी कर: "यंदा प्रत्येक घराने एकच पदार्थ, २२ जणांच्या मापाने, घरून करून नाहीतर विकत आणायचा. दशम्या आमच्याकडे. चटण्या, लोणचं आणि भेळेचं सामान मुंबईकर. पन्हं आणि कलिंगड नागपूरकर. दहीभात अमक्यांकडे, पाण्याचे जार, बर्फ आणि सतरंज्या तमक्यांकडे. गाडीचा खर्च माणशी सारखा, मुलांचा अर्धा, आधीच जमा." बस, एवढंच. खाली हात जोडलेलं चित्र टाकू नकोस, सॉरी पण लिहू नकोस. विकत आणणाऱ्याला कुणी नावं ठेवायची नाहीत हेही तूच आधी बोलून टाक, आणि सासूबाई घरचंच हवं म्हणाल्या तर त्यांना मेतकूट नाहीतर शेंगदाण्याची चटणी करायला सांग, बसून होण्यासारखं काम आहे आणि त्यांनाही आपण काहीतरी दिलं याचं बरं वाटेल.

आता सावलीचं. गेल्या वर्षी तुमची फसगत झाली ती नवऱ्याने श्रावणातली जागा डोळ्यासमोर ठेवून मे महिन्याचा बेत केला म्हणून. आपल्याकडचं अर्धं रान उन्हाळ्यात उघडंबोडकं असतं, साग, पळस, सावर यांची पानं उन्हाळ्यापर्यंत गळून जातात, सागाला तर पावसाचं पाणी लागेपर्यंत पालवी फुटत नाही. याउलट आंबा, जांभूळ, वड, करंज, चिंच यांच्याखाली मे महिन्यात पण गारवा मिळतो, करंजाला तर ऐन चैत्रात नवी पोपटी पानं येतात. अजून एक, पुण्याच्या आसपास मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर, खांबाची सावली खांबाच्या पायाशीच. त्या दिवसांत दुपारी झाडाची सावली पण फक्त त्याच्या घेराएवढीच पडते, बाजूला सरकत नाही. उंच सडपातळ झाड काही कामाचं नाही, पसरलेलं बुटकं आंब्याचं झाड हवं, आणि २२ जणांना एक नाही, जवळजवळची दोन-तीन हवीत. सकाळी सावली झाडाच्या पश्चिमेला असते, दुपारनंतर पूर्वेला जाते, म्हणजे सतरंजी दिवसातून एकदा तरी हलवावी लागणार. सासूबाईंची खुर्ची मात्र पहिल्यापासून खोडाजवळ ठेव म्हणजे त्यांना उठावं लागणार नाही. हो, खुर्ची न्यायची, प्लास्टिकची हात असलेली, गुडघे दुखणाऱ्या बाईला सतरंजीवर बसवणं म्हणजे दिवसभराची शिक्षा आहे.

पूर्वीच्या लोकांनी आवळीभोजन कार्तिकात ठेवलं ते उगीच नाही, हवा छान असते, आवळे लागलेले असतात. वैशाखात ते दुपारी घरात जाडजूड भिंतींच्या आड झोपायचे. आपल्याला सुट्ट्या मे मध्ये मिळतात म्हणून आपण मे मध्ये जातो, मग निदान वेळ तरी त्यांच्यासारखी पाळूया. साडेपाचला चिंचवड सोडा. साडेसात-आठपर्यंत पोचाल, मुलांना अकरापर्यंत मनसोक्त पळू दे, साडेअकराला जेवण, बारा ते चार सावलीत आडवं व्हायचं, पत्ते, गप्पा, डुलकी, आणि साडेचार-पाचला परत निघायचं. त्या मधल्या चार तासांत काहीच प्रोग्राम ठेवू नकोस, संगीत खुर्ची नको, ट्रेझर हंट नको. काहीच न करणं हाच तेव्हाचा कार्यक्रम. मेंढीकोट, बदाम सात, झब्बू एवढं पुरतं, आणि मुलींना सासूबाईंकडून सागरगोटे शिकू दे, सागरगोटे नाही मिळाले तर चिंचोके आहेत. मुलांनी थोडा वेळ मोबाईल घेतला तर घेऊ दे, त्यावरून दिवस नासवू नकोस.

बाकीच्या दोन-तीन जागांचं पण उत्तर द्यायला हवं, नाहीतर घरात वाद होतील. नणंदेला सांग की महाबळेश्वर थंड आहे हे खरंच, १३०० मीटरच्या वरचं गाव आहे, पण ते राहायला जायचं ठिकाण. चिंचवडहून एका दिवसात जाऊन येऊन, मेच्या रविवारी, पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग, आणि तीन वर्षांचं पोर मागच्या सीटवर उलट्या करतंय, यात मजा कुणालाच येणार नाही, शिवाय स्ट्रॉबेरीचा सीझन पण तोवर संपत आलेला असतो. दोन रात्री काढून कधीतरी वेगळं जा. सासूबाईंचं बनेश्वर मात्र मला पटतं, नसरापूरचं नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं शंकराचं देऊळ, भोवती झाडी, कुंडातले मासे, आणि ते शिरवळच्या वाटेवरच आहे. तर जाताना सकाळी सातला तिथे थांबा, गर्दी व्हायच्या आत दर्शन, तिथेच डब्यातला नाश्ता नाही करायचा, बाहेर कुठेतरी चहा घ्या आणि पुढे चला. त्यांचा शब्द राहिला आणि दिवसाची सुरुवात पण छान झाली.

धरण नको. ह्यात मी तुझ्या नवऱ्याच्या भावनेला जपत बसणार नाही. उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि काठाला उघडा पडतो तो गाळ, वरून वाळलेला दिसतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. पुढे एक पाऊल घोट्याएवढं पाणी आणि दुसऱ्या पावलाला तळच नाही असंही असतं, कारण खाली जुन्या नदीचं पात्र, शेतांचे बांध, विहिरी असतात. आणि बुडणारं माणूस हाका मारत नाही गं, तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्यात त्याला श्वास घ्यायचा असतो, ओरडायला वेळच नसतो, दहा फुटांवर बसलेल्यांना पण कळत नाही. सहा मुलं आणि गप्पा मारणारी सोळा मोठी माणसं, म्हणजे प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे. आमराईत विहीर असेल तर तिथे पण हाच धोका, कठडा आहे का बघ, आणि मोठ्यांनी अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावा, ज्याची पाळी त्याने पत्ते खेळायचे नाहीत, फोन बघायचा नाही, फक्त मुलं मोजायची. मुलांना पाण्यात खेळायचंच असेल तर पंपाचं पाणी चालू असताना पाटात बसवा, मोटेच्या दिवसांपासून पोरं तेच करत आलीयेत.

खाण्याचं जरा सविस्तर सांगते कारण त्यात गेल्या वर्षी तुझे कष्ट वाया गेले. भाजी आंबली ती बहुतेक गरम गरम डब्यात भरून झाकण लावल्यामुळे. वाफ झाकणाला लागते, पाणी होऊन परत भाजीत पडतं, आणि बंद गाडीत चार तास. कांदा आणि ओलं खोबरं असेल तर अजून लवकर. बटाट्याची भाजी न्यायचीच असेल तर कांदा न घालता, कोरडी, आणि परातीत पसरून पूर्ण गार करून मगच भर. पण मी म्हणते यंदा भाजीच नको, दशम्या कर. कणीक दुधात भिजवायची, पाण्याचा थेंब नाही, चमचाभर तूप, हवा तर गूळ, दोन दिवस आरामात टिकतात आणि मऊ राहतात, आदल्या संध्याकाळी टीव्ही बघत करून ठेवता येतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाची सुक्या खोबऱ्याची चटणी, दह्याऐवजी लोणचं. तिखटमिठाच्या पुऱ्या आवडत असतील तर विकत आण, तू तळायच्या नाहीत!

दहीभात करणारीला ही युक्ती सांग. भात मऊ शिजवून कोमट होऊ द्यायचा, त्यात दही नाही, दूध घालायचं, भरपूर, भात अगदी सैल दिसला पाहिजे, आणि फक्त एक मोठा चमचा दही विरजणासारखं. मीठ, आलं, फोडणी हे सगळं घालून ठेवलं की वाटेत त्या दुधाचं दही लागतं आणि साडेअकराला डबा उघडशील तेव्हा भात गोडसर, गार आणि ताजा असतो. घरूनच दही कालवून नेलेला भात दुपारपर्यंत आंबट ढाण होतो. डाळिंबाचे दाणे वेगळ्या डबीत, वाढताना वरून.

आमरस नेऊ नकोस, काळा पडतो आणि उन्हात फसफसतो. आंबेच ने, बादलीत पाण्यात घालून ठेव, जेवताना चोखून खाऊ देत सगळ्यांना, हात-तोंड माखलं तरी शेतात कोण विचारतंय. पण एक सांभाळ, झाडावरच्या कैऱ्यांना मुलांनी दगड मारायचे नाहीत. पुष्कळदा आमराईतली फळं मोहोर असतानाच व्यापाऱ्याला दिलेली असतात, ती मालकाची पण राहिलेली नसतात, आणि नुकती फवारणी झाली असेल तर खाली पडलेली कैरी धुतल्याशिवाय तोंडात घालायची नाही. मालकाला आधीच विचारून घे, तो एखादं झाड दाखवेल, याच्या पाडा म्हणेल.

पन्ह्याचा फक्त गर ने, उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलची, मीठ एकत्र घोटलेला, बाटलीत. तिथे गार पाण्यात कालवायचं. कलिंगडं ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेव, गोणपाट सुकलं की परत पाणी मार, फ्रिजशिवाय छान गार होतात. आणि पाणी मोजून ने. दिवसाला माणशी तीन लिटर धरलं तरी ६६ लिटर, म्हणजे २० लिटरचे चार जार, एक जादाच बरा. लिंबू, साखर, मीठ जवळ असू दे, एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढं प्रमाण लक्षात ठेव. ह्यात नणंदेची मदत घे, नागपूरवाल्यांना ऊन कळतं, ४४-४५ मध्ये राहणारी माणसं ती, डोक्याला ओला दुपट्टा कसा बांधायचा ते ती सासऱ्यांना बरोबर बांधून देईल.

आणि आता जे कुणी बोलत नाही ते. संडास. तुझ्या घरातल्या बायका, विशेषतः सासूबाई, बाहेर निघाल्या की पाणी पीत नाहीत, बरोबर ना? कारण जायची सोय नसते. म्हणजे सगळ्यात जास्त पाणी ज्यांना लागतं त्याच दिवसभर कोरड्या राहतात, आणि मग चक्कर, डोकेदुखी, लघवीची जळजळ. शंभर जार नेलेस तरी संडास नसेल तर त्या पाणी पिणार नाहीत. म्हणून मालकाला पहिला प्रश्न हाच विचार, शेतावर संडास आहे का, कमोड आहे का, पाणी येतं का. कमोड नसेल तर वर ठेवायची खुर्ची मेडिकलच्या मोठ्या दुकानांत मिळते. हे सगळं जमणार नसेल तर आमराई पण रद्द कर, माझं काही म्हणणं नाही, जिथे संडास आहे असं एखादं कृषी पर्यटन केंद्र शोध.

सासऱ्यांचं बीपी आहे तर गोळ्यांबद्दल आणि उन्हाबद्दल निघायच्या आधी डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या, गेल्या वर्षीची चक्कर पण त्यांना सांगा. तिथे कुणालाही गरगरलं, मळमळलं, तर लगेच आडवं करा, कपडे सैल, मानेला आणि काखेत ओली फडकी, वारा घाला, शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी. माणूस बरळायला लागलं किंवा अंग तापून लाल झालं तर थांबायचं नाही, १०८ ला फोन, आणि तोंडात जबरदस्तीने पाणी ओतायचं नाही. म्हणून १७ सीटरची एक टेम्पो ट्रॅव्हलर आणि बरोबर एक कार असं न्या, कार दिवसभर मोकळी सावलीत उभी, चावी कुणाकडे ते सगळ्यांना माहीत. ट्रॅव्हलर आजच बुक करा हं, लग्नसराई आहे, मुहूर्ताच्या दिवशी मिळत नाहीत.

दोन गोष्टी अजून, घाईत सांगते पण विसरू नकोस. सतरंजी टाकायच्या आधी वर बघ. आग्या मोहोळ असलं तर त्या झाडाखाली आवाज नाही, धूर नाही, सेंट नाही, खरं तर ते झाडच सोडून दुसरीकडे बस. चूल मांडून भाकरी-पिठल्याचा हट्ट कुणी करेल, तर ती झाडाखाली आणि वाळक्या गवतात नाही, मालक सांगेल तिथेच, आणि निघताना राखेवर बादलीभर पाणी. दुसरं, मे मध्ये दुपारनंतर वळीव येतो. सावलीसाठी चांगलं असलेलं झाड विजेच्या वेळी सगळ्यात वाईट. गडगडायला लागलं की पत्ते तसेच टाकून सगळ्यांनी गाडीत नाहीतर पक्क्या घरात जायचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी नावाचं अ‍ॅप आहे, विजेचा इशारा देतं, दोघा-तिघांच्या फोनवर घालून ठेवा.

मालक पैसे घेणार नाही म्हणेल. तरी मोकळ्या हाताने जाऊ नका, त्याच्या घरच्यांना पण जेवायला बसवा तुमच्यात, शेतावर काम करणाऱ्या जोडप्याला पण, त्यांच्यासाठी डबा धरूनच माप काढ. कचरा सगळा पोत्यात भरून परत आणायचा.

आता तुझं काम एकच आहे. येत्या रविवारी नवऱ्याला घेऊन शिरवळला जाऊन ये, पण सकाळी नाही, दुपारी एक वाजता. ऐन उन्हात त्या झाडाखाली दोघं अर्धा तास बसा. बसवलं तर पक्कं कर, नाही बसवलं तर मला परत लिही, दुसरं काहीतरी शोधू. आणि येताना संडासाच्या दाराला आतून कडी लागते का तेवढं बघून ये.